राधाच्या घराची वाट कोसबाडवरून जाते

मराठी चित्रपुस्तकाचा इतिहास सांगायचा म्हटलं की बहुतेक जण पुण्यामुंबईच्या प्रकाशकांपासून सुरुवात करतात. छपाई सुधारली, रंग परवडू लागले, मग मुलांची पुस्तकं देखणी झाली, असा तो हिशेब. मला तो अपुरा वाटतो. माधुरी पुरंदरे यांची कारकीर्द नीट पाहिली, तर त्यांच्या पुस्तकांचं मूळ छापखान्यापेक्षा बालवाडीच्या जवळ सापडतं, आणि मराठी बालवाडीच्या इतिहासातला एक मोठा अध्याय आपल्याच पालघर जिल्ह्यात घडलेला आहे. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या, आणि 1957 च्या सुमारास हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. पाड्यावरची मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळाच पाड्यावर नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरली. आधी मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, मग धडा. शिंपले, बिया, खडे, पानं हेच शैक्षणिक साहित्य. मुलाच्या हाताशी जे आहे तिथूनच शिकणं सुरू होतं, हे तत्त्व इथे रोजच्या कामातून सिद्ध झालं.

पुरंदरे यांचा जन्म 1952 चा. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकल्यावर त्या फ्रान्सला जाऊन मुद्राचित्रण शिकल्या. पुढे फ्रेंच शिकवलं, रंगभूमीवर अभिनय केला, गायल्या, बेकेटचं ‘वेटिंग फॉर गोदो’ मराठीत आणलं, पिकासोचं चरित्र लिहिलं. एवढी वळणं घेतलेली व्यक्ती मुलांच्या पुस्तकांकडे का वळली, याचं एक उत्तर घरात मिळतं. त्यांच्या आई निर्मलाताई पुरंदरे यांनी 1981 मध्ये वनस्थळी ही संस्था उभी केली. गावातल्याच बायकांना बालवाडी चालवण्याचं शिक्षण द्यायचं, हे तिचं काम. माधुरी पुरंदरे यांनीही या संस्थेसाठी काम केलं. कोसबाडचा थेट वारसा म्हणून हे मी सांगत नाही, तसा दावा करायला पुरावा लागेल. पण दोन्हीकडची दृष्टी एकच आहे, आणि ती पुस्तकांत उतरलेली दिसते. ‘राधाचं घर’ या संचात आई, बाबा, आजी, आजोबा असं घरातलं एकेक माणूस एकेका पुस्तकात येतं. ‘हात मोडला’, ‘मोठी शाळा’, ‘कंटाळा’ ही नावंच बघा. राजा नाही, राक्षस नाही, शेवटी उपदेशाची मात्रा नाही. शिंपल्याबियांच्या जागी इथे घर आलं आहे, एवढाच फरक.

यात लेखक आणि चित्रकार एकच असण्याला फार महत्त्व आहे. एरवी कथा एकाकडून येते आणि चित्रं दुसऱ्याकडून मागवली जातात. मग मजकुरात ‘लाल फ्रॉक’ असला की चित्रात लाल फ्रॉक येतो. मुलाला तीच गोष्ट दोनदा मिळते, शोधायला काही उरत नाही. लिहिणारा हातच चित्र काढत असेल, तर तो वाक्य मागे घेऊ शकतो. आजीचा स्वभाव सांगणारं विशेषण खोडून टाकायचं आणि तिची बसण्याची ढब काढायची. ‘चित्रवाचन’मध्ये तर चित्रालाच वाचनाचा मुख्य ऐवज केलं आहे. 2014 चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना मिळाला तो रास्तच होता, पण मजकूर आणि चित्र एकत्र तोलण्याची सवय आपल्या समीक्षेला अजून लागलेली नाही. चित्रांना सजावट म्हणून एका वाक्यात उरकण्याची रीत आहे, आणि ती मला खुपते.

यावर आक्षेप येईल, आणि तो हलका नाही: राधाचं घर मध्यमवर्गीय आहे, तिची भाषा शहरी प्रमाण मराठी आहे, वसईत घरी सामवेदी, वाडवळी किंवा मांगेली बोलणाऱ्या, किंवा डहाणूच्या पाड्यावर वारली बोलणाऱ्या मुलाला त्यात स्वतःचं काय सापडणार? हे अंतर खरं आहे. पण छापील धडा मुलाकडून धड्याचीच भाषा मागतो. चित्र तशी अट घालत नाही. पानावरच्या बाजारात काय चाललंय हे मूल सामवेदीतून सांगू शकतं, आणि बाईंना ते ऐकावं लागतं. दुसरा आक्षेप किमतीचा. रंगीत पुस्तक महाग पडतं, हे खरंच. तरी बाबांच्या मिशांवर भारी जीव असलेल्या अनूची गोष्ट, ‘बाबांच्या मिश्या’, प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर फुकट वाचता येते, तीही अनेक भाषांत.

उरतो तो प्रश्न पुरंदरे यांना विचारण्यासारखा नाहीच. पाड्यावरचं किंवा वाडीतलं घर त्यांनीच काढावं, ही अपेक्षा अन्यायाची होईल. ते तिथल्याच हाताने काढायला हवं, आणि हात आहेत. वारली चित्रकारांनी गीता वोल्फ यांच्याबरोबर केलेलं ‘डू!’ हे क्रियापदांचं चित्रपुस्तक 2009 मध्ये निघालं, पण ते चेन्नईच्या तारा बुक्सने इंग्रजीत काढलं. विरार लोकलची गर्दी, केळीच्या वाड्या, पाचूबंदरला वाळत घातलेली मासळी हे सगळं रोज बघणारी मुलं वसई-विरारच्या बालवाड्यांत बसलेली आहेत. त्यांच्यासाठी इथलाच कुणी लिहिणारा-काढणारा शोधणं, त्याला मानधन देणं आणि पहिली आवृत्ती बालवाड्यांसाठी विकत घेणं, एवढं काम इथल्या वाचनालयांना आणि महापालिकेला नक्की झेपेल.