तळटीप १४ : जन्मखूण आणि काचबिंदू

१४. कपाळापासून वरच्या पापणीपर्यंत पसरलेले लाल लासे : हे वर्णन स्टर्ज-वेबर या दुर्मीळ जन्मजात विकाराशी जुळते. विल्यम ॲलन स्टर्ज या इंग्लिश वैद्याने १८७९ मध्ये त्याची नोंद केली व पुढे फ्रेडरिक पार्क्स वेबर याने मेंदूतील बदल क्ष-किरणांनी दाखवले. गर्भावस्थेत काही पेशींपुरताच ‘जीएनएक्यू’ जनुकात होणारा बदल त्यामागे असतो, हे २०१३ मध्ये उघड झाले. तेव्हा जयगडची आजी सुनेला ग्रहण पाहिल्याचा जो दोष देते, तो निराधार होय. डाग पापणीवर असल्यास त्याच बाजूच्या डोळ्यात काचबिंदू, म्हणजे सामान्यतः आतील दाब वाढून दृष्टीची नस झिजण्याचा विकार, होण्याचा धोका मोठा असतो, कारण डोळ्यातील द्रव बाहेर नेणाऱ्या वाटा जन्मतःच सदोष असतात किंवा तो द्रव ज्या शिरांत उतरतो त्यांतलाच दाब चढलेला असतो. तान्ह्या मुलाचा डोळा त्यामुळे मोठा होत जातो (टपोरा म्हणून घरात त्याचे कौतुकही होते), बुबुळ धुरकटते, उजेड सोसत नाही. काहींना हा त्रास मोठेपणी उद्भवतो, म्हणून दाबाची तपासणी आयुष्यभर करावी लागते. लेझरने डाग फिकट झाला तरी काचबिंदू बरा होत नाही. त्यासाठी थेंब किंवा शस्त्रक्रिया लागते. पैकी ब्रिमोनिडिनचे थेंब २ वर्षांखालील मुलांना देत नाहीत, कारण त्यांनी गुंगी येऊन श्वास मंदावू शकतो, आणि शस्त्रक्रियेत दाब एकाएकी उतरल्यास डोळ्याच्या आतील पडद्याखाली द्रव वा रक्त साचण्याचे भय असते.