भायखळ्याच्या तुरुंगांतील प्रयोग

परळच्या ज्या जुन्या वाड्यांत पूर्वीं मुंबईचे गव्हर्नर राहत, तेथें १८९९ सालीं प्लेगची प्रयोगशाळा आली, व १९२५ सालीं तिला हाफकिन यांचें नांव देण्यांत आलें. हा गौरव योग्यच होय. १८९६ च्या ऑक्टोबरांत हे ओडेसाचे शास्त्रज्ञ मुंबईस आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजांतील अपुऱ्या जागेंत त्यांनीं प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजीं त्यांनीं ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. ताप भरला, तो उतरला.

परंतु लस घेऊन एक मनुष्य जगला, एवढ्यानें ती गुणकारी ठरत नाहीं. त्यासाठीं एकाच छपराखालीं राहणारीं, एकच अन्न खाणारीं माणसें हवीं. कांहीं टोचलेलीं, कांहीं न टोचलेलीं. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला आणि अशीं माणसें आयतींच मिळालीं.

जवळजवळ निम्मे कैदी स्वखुषीनें पुढें आले, असें सांगतात. टोचणीपूर्वींच ज्यांना लागण झाली होती ते वगळतां, टोचलेल्यांपैकीं २ जणांस प्लेग झाला, ते वांचले. इतरांपैकीं १२ जणांस झाला, त्यांतले ६ दगावले.

‘स्वखुषी’ या शब्दापाशीं आम्ही अडखळतों. मुंबईचे लोक त्या दिवसांत आगगाड्या भरून गांवोगांव पळत होते. कैद्यास कोठें पळतां येणार? हाफकिन यांनीं सक्ती केली नाहीं, हें खरें. पण ज्यानें नकार दिला, तोही प्रयोगांतून सुटला नाहीं. टोचलेले वांचले, एवढ्यानें कांहींच सिद्ध झालें नसतें. ते सहा मेले, म्हणून लस सिद्ध झाली. पुढें आगाखानांनीं लोकांदेखत टोचून घेतली, तें पाहून खोजा मंडळी पुढें आली. ही मात्र स्वखुषी खरी. नको वाटल्यास घरीं परतण्याची वाट त्यांना मोकळी होती.

तुरुंगाची ही सोय अन्यत्रही शास्त्रज्ञांच्या ध्यानांत आली होती. नऊ वर्षांनीं, १९०६ सालीं, अमेरिकेच्या अमलाखालील मनिला शहरांत, बिलिबिड तुरुंगांतील २४ कैद्यांस डॉ. रिचर्ड स्ट्राँग यांनीं पटकीची नवी लस टोचली. तींत चुकून प्लेगचे जंतू मिसळले होते. १३ कैदी मेले. तेथें स्वखुषीचा प्रश्नच नव्हता. कैद्यांस रांगेंत उभे केलें होतें, विचारलें नव्हतें. डॉक्टरसाहेब पुढें हार्वर्ड विद्यापीठांत उष्ण प्रदेशांतील रोगांचे प्राध्यापक झाले.