जेवणाची सुट्टी आणि खेळाची खरी मालकीण

आजची गोष्ट बेंगळुरूतल्या आमच्या ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत सुरू होते आणि शंभराहून अधिक वर्षं मागे, अमेरिकेतल्या दुसऱ्या एका ऑफिसात जाऊन पोहोचते.

आमची सुट्टी पाऊण तासाची. पंधरा मिनिटांत डबे आटपायचे आणि उरलेल्या अर्ध्या तासात पट मांडायचा, हा आम्हा पाच जणांचा नेम. मी मराठी, बाकीचे चौघे चार भाषांचे. फाशांना भाषा लागत नाही. खेळ संपला की मी एका जाड वहीत नोंद करायचो: वेळ किती लागला, नियम सोपे का, भांडणं किती झाली, दहापैकी गुण किती.

एकदा कुणीतरी लहानपणीचा ‘व्यापार’ घेऊन आलं. शहरं विकत घ्यायची, त्यांवर घरं बांधायची आणि दुसऱ्यांकडून भाडं उकळायचं, तोच. खेळ चार दिवस चालला. रोज पटाचा फोटो काढून ठेवायचो आणि दुसऱ्या दिवशी तसाच मांडायचो. दुसऱ्याच दिवशी आमच्यातल्या कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटर बाईंचं दिवाळं निघालं. “इथेही भाडं भरण्यातच संपले,” त्या हसून म्हणाल्या. पुढचे दोन दिवस त्या नुसत्या बसून आमचा खेळ बघत होत्या. मी वहीत लिहिलं: ‘सुरुवात झकास, शेवट रटाळ. हरलेल्याला बसून राहावं लागतं. सहा गुण. मूळ खेळ मोनोपॉली, जनक चार्ल्स डॅरो.’

ही नोंद दोन ठिकाणी चुकलेली होती.

आधी जनकाचं बघू. 1935 साली पार्कर ब्रदर्स कंपनीने मोनोपॉली बाजारात आणला. महामंदीत नोकरी गेलेल्या डॅरोला हा खेळ सुचला आणि तो श्रीमंत झाला, ही गोष्ट पुढे कित्येक वर्षं सांगितली गेली. प्रत्यक्षात या खेळाचं पेटंट 5 जानेवारी 1904 रोजीच निघालेलं होतं, एलिझाबेथ मॅगी या बाईच्या नावे. लिझी मॅगी ही तुमच्या-माझ्यासारखी नोकरदार. वॉशिंग्टनमध्ये पत्ता न सापडणारी टपाल जिथे येऊन पडत, त्या कचेरीत ती स्टेनोग्राफर होती. टाइपरायटरमध्ये कागद सहज सरकावा म्हणून तिने एक सुधारणा केली होती. त्याचं पेटंट 1893 चं. नोकरी सांभाळून तिने पट आखला आणि त्याला नाव दिलं ‘द लँडलॉर्ड्स गेम’, म्हणजे जमीनदाराचा खेळ.

तिच्या डोक्यात अर्थतज्ज्ञ हेन्री जॉर्ज होता. जमिनीची किंमत सगळ्या समाजामुळे वाढते, मग तिचं भाडं एकट्या मालकाने का खावं, असा त्याचा सवाल. हे भाषणातून पटत नसेल तर खेळातून पटवू, असं मॅगीने ठरवलं. तिच्या पटावर भाडं होतं, रेल्वे होती, तुरुंग होता, आणि एक फेरी पूर्ण केली की शंभर डॉलर मजुरी. पुढे तिने नियमांचे दोन संच केले. एकात इतरांना कंगाल करून जिंकायचं. दुसऱ्यात जमिनीच्या उत्पन्नाचा लाभ सगळ्यांना मिळायचा, आणि सर्वांत कमी पैशांवर सुरुवात करणाऱ्याची रक्कम दुप्पट झाली की सगळेच जिंकले.

लोकांनी पहिला संच उचलला. हाताने काढलेल्या पटांवरून खेळ पसरत गेला. अटलांटिक सिटीतल्या क्वेकर मंडळींनी त्यावर आपल्या गावातले रस्ते घातले. असाच एक पट डॅरोच्या हाती लागला. त्यावर ‘मार्व्हेन गार्डन्स’चं ‘मार्व्हिन गार्डन्स’ झालेलं होतं. डॅरोच्या पटावरही तीच चूक जशीच्या तशी उतरली. नक्कल अशीच पकडली जाते. पार्कर ब्रदर्सने मॅगीचं पेटंट 500 डॉलरला घेतलं. विक्रीतला वाटा शून्य. 1948 साली ती वारली. 1970 च्या दशकात राल्फ अन्स्पाक नावाच्या प्राध्यापकाने एका कोर्टकज्ज्यासाठी जुने पुरावे उकरले, तेव्हा ती पुन्हा उजेडात आली.

आता दुसरी चूक. शेवट रटाळ हा खेळाचा दोष नव्हताच. एकाकडे सगळं आणि बाकीचे बसून, हेच तर मॅगीला दाखवायचं होतं.

वहीत डॅरो खोडून मॅगी लिहिताना माझा हात थांबला. त्याच महिन्यात मी वरिष्ठांना एक तक्ता पाठवला होता. नोंदींतल्या चुका झटकन सापडाव्यात अशी त्यातली युक्ती त्या ऑपरेटर बाईंची, डबा खाताना सांगितलेली. मेलखाली नाव मात्र माझं एकट्याचं. कंत्राटी माणसांची नावं घालायची पद्धत नसते, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. पाचशे डॉलरही दिले नव्हते.

त्या संध्याकाळी दुसरा मेल केला, त्यांचं नाव आधी लिहून. वरून उत्तर आलं: ‘नोंद घेतली.’ एवढंच. बाईंना दाखवलं तर त्या म्हणाल्या, “उशीर केलात.” आणि पट मांडायला लागल्या.

या वेळी आम्ही मॅगीचा दुसरा संच घेतला, आमच्या अर्ध्या तासाला झेपेल असा करून. दोन सुट्ट्यांत संपला. कुणीही नुसतं बसून राहिलं नाही. गुण नऊ. एक कापला, कारण भांडण फारच कमी झालं.

तुमच्या माळ्यावर ‘व्यापार’चा खोका असेल तर काढा. झाकणाच्या आत लिझी मॅगीचं नाव लिहा, आणि मग फासे टाका. भेटू पुढच्या भागात.