मार्करची कुळी

वेव्हफॉर्म जनरेटरवर मुख्य आउटपुटजवळ ‘मार्कर’ लिहिलेलं छोटं सॉकेट असतं. त्यातून लहर येत नाही. लहरीतल्या ठरावीक जागी एक चौकोनी पल्स तेवढी येते आणि तिच्यावर ऑसिलोस्कोप ट्रिगर होतो. या पल्सचं कूळ इलेक्ट्रॉनिक्सच्याही आधीचं.

1840च्या दशकात जर्मनीत कार्ल लुडविग यांनी कायमोग्राफ बनवला. काजळी धरलेला कागद गुंडाळलेलं फिरतं नळकांडं आणि त्यावर रेघ ओढणारी सुई. आपल्याकडच्या वैद्यकीय महाविद्यालयांतही बेडकाच्या स्नायूचे आलेख वर्षानुवर्षं यावरच निघाले. स्नायूच्या रेघेखाली सेकंदाला 100 कंपनांचा नादकाटा आपली बारीक नागमोडी रेघ ओढायचा. नळकांडं हळू फिरो की जोरात, नागमोडीतली एक लाट म्हणजे सेकंदाचा शंभरावा भागच, कारण दोन्ही रेघा एकाच कागदावर. मला तरी मार्करचं सगळं मर्म इथेच दिसतं.

दुसऱ्या महायुद्धात रडारवाल्यांनी हीच युक्ती पडद्यावर आणली. रेडिओलहरीला एक सागरी मैल जाऊन परत यायला 12.36 मायक्रोसेकंद लागतात. म्हणून 80.86 किलोहर्ट्झचा क्वार्ट्झ दर मैलाला एक खूण उमटवी. पुढे टीव्ही दुरुस्तीच्या स्वीप जनरेटरमध्ये मार्कर वेळेऐवजी फ्रीक्वेन्सी दाखवू लागला.

डिजिटल जनरेटरांत मार्कर थेट मेमरीत जाऊन बसला. टेक्ट्रॉनिक्सच्या एडब्ल्यूजी 7000 मालिकेत एका सॅम्पलला 10 बिट. त्यातले दोन बिट दोन मार्करना दिले तर लहरीला उरतात 8. सौदा महागच, पण सॅम्पल आणि खूण एकाच घड्याळावर बाहेर पडतात, त्यामुळे मागेपुढे सरकत नाहीत.

पुन्हा पुन्हा येणारा मार्कर लावताना लोक फसतात ते सांध्यावर. समजा, 1000 सॅम्पलची लहर सतत फिरतेय, वेग सेकंदाला 100 कोटी सॅम्पल, आणि दर 300व्या सॅम्पलला खूण केलीय: 0, 300, 600, 900. पुढची खूण 1200वर यायला हवी, पण 1000वर लहर पुन्हा शून्यापासून सुरू होते. म्हणजे 300 नॅनोसेकंदांची तीन अंतरं आणि मग एकदम 100चं. लांबी 900 किंवा 1200 करावी, अंतर सारखं होतं. मात्र लहरीची आवर्तनंही त्यात पूर्ण बसली पाहिजेत. त्यातून यंत्र 16च्या पटीतलीच लांबी घेणारं असेल, तर 900 बाद, 1200 चालतं.