‘सराईत गुन्हेगार’ या संज्ञेची कुळकथा

फौजदारी खटल्यात दोष शाबीत होईपर्यंत माणूस कायद्याच्या लेखी केवळ आरोपी असतो आणि तुरुंगात असला तरी ‘न्यायाधीन बंदी’, म्हणजे बोलीतला कच्चा कैदी, गणला जातो. न्यायालयाने दोषी ठरवून कैदेची शिक्षा दिली की तो ‘सिद्धदोष बंदी’, अर्थात पक्का कैदी होतो. या दोन्ही संज्ञा एकेका खटल्यापुरत्या असतात. सुटकेनंतरही माणसाचा पिच्छा न सोडणारी तिसरी संज्ञा म्हणजे ‘सराईत गुन्हेगार’, आणि तिची मुळे वसाहतकालीन कायद्यांत आहेत.

1860च्या भारतीय दंड संहितेतील कलम 75 नुसार नाणी, मुद्रांक किंवा मालमत्ता यांविषयीच्या ठराविक गुन्ह्यांत एकदा दोषी ठरलेल्याने पुन्हा तसाच गुन्हा केल्यास त्याला वाढीव शिक्षा होई. येथे आधार होता तो मागील दोषसिद्धीचा, म्हणजे न्यायालयात शाबीत झालेल्या गुन्ह्याचा. 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्याने मात्र हा आधारच बदलला, कारण त्यान्वये सरकारने एखादी जमात ‘गुन्हेगार’ म्हणून जाहीर केली की तिच्यातील माणसांची नावे कोणताही गुन्हा शाबीत न होता नोंदवहीत चढवता येत आणि त्यांच्या ये-जा करण्यावर निर्बंध घालता येत. आरंभी उत्तर हिंदुस्थानापुरता असलेला हा कायदा 1911 मध्ये देशभर लागू करता येईल असा करण्यात आला. मुंबई इलाख्यात पारधी, कैकाडी, भामटा अशा जमाती त्याच्या कक्षेत आल्या आणि सोलापुरात त्यांच्यासाठी ‘सेटलमेंट’, म्हणजे बंदिस्त वसाहत, उभी राहिली. 1924च्या कायद्याने तर अशा जमातीतील माणूस परिशिष्टातील गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास, विशेष कारण नसेल तर, किमान सात वर्षे कैद आणि तिसऱ्यांदा ठरल्यास जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा ठेवली. एकाच गुन्ह्याची शिक्षा अशा रीतीने जन्मावरून वेगळी ठरू लागली.

31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा रद्द झाला आणि त्या जमाती ‘विमुक्त’ म्हणवल्या गेल्या, म्हणूनच हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. त्याची जागा राज्याराज्यांतील सराईत गुन्हेगार कायद्यांनी घेतली, त्यांपैकी एक 1959चा मुंबईचा कायदा होय. त्यांत ही संज्ञा पुन्हा व्यक्तीच्या वारंवार झालेल्या दोषसिद्धीशी जोडली गेली. तरीही काही राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत जुनी वर्गवारी टिकून राहिली. अखेर 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता खटल्यात बंद्यांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आणि ‘सराईत गुन्हेगार’ ही संज्ञा संबंधित राज्याच्या कायद्यातील व्याख्येपुरतीच वापरण्याचा आदेश दिला. सराईतपणा न्यायालयात शाबीत व्हावा लागतो, तो जन्माने येत नाही, हे तत्त्व तुरुंगाच्या दप्तरात उतरण्यास कायदा रद्द झाल्यावरही सात दशके लागली.