लंडन शहराची मुले

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी ग्रंथासाठी काही ऐतिहासिक स्वरूपाचे लिहावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली तेव्हा आम्ही प्रथम मंडळाची जुनी इतिवृत्ते चाळली. गणेशोत्सवाचा जमाखर्च, नाटकाच्या तालमींसाठी कोणी दिवाणखाना मोकळा करून दिला, सतरंज्या किती होत्या, सारे काही टिपलेले आहे. त्या तालमींच्या वेळी कोपऱ्यात झोपी जाणाऱ्या मुलांची नोंद मात्र कोठेच नाही. तिची गरजही नव्हती; कारण ती मुले कशी होती, काय बोलत, कशाला भीत, हे सांगणारी माणसे घरोघरी होती. परंतु ज्या मुलांचे बालपण आठवणारे कोणीच नसते, ते केवळ दप्तरात शिल्लक राहते, त्यांचे काय? फायलींच्या सहवासात तीस वर्षे काढलेल्या माणसाला असा प्रश्न पडावा यात नवल नाही. म्हणून लंडन शहराने चालवलेल्या बालगृहांची हकीकत येथे सांगत आहोत. विषय वाटतो तितका परका नाही. मुंबई इलाख्याचा १९२४ चा बालक अधिनियम इंग्लंडच्या १९०८ च्या कायद्याच्या धर्तीवरच बेतलेला होता.

इंग्लंडात १८३४ च्या दरिद्री-कायद्याने निराधारांचा भार ठिकठिकाणच्या निर्वाचित मंडळांकडे सोपवला. या मंडळांच्या सभासदांना ‘गार्डियन’, म्हणजे पालक, असेच नाव होते. हे पालक मुलांना प्रथम मोठ्या माणसांबरोबर वर्कहाऊस नामक कष्टशाळेत ठेवीत. पुढे शहराबाहेर मोठमोठ्या इमारती बांधून शेकडो मुलांना तेथे धाडू लागले. लोक त्यांना बराकशाळा म्हणत. हॅनवेल येथील अशा शाळेत १८९६ साली सात वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. वडील भावाची रवानगी तेथेच, पण मोठ्या मुलांच्या विभागात झाली आणि हा एकटा पडला. डोक्यात नायटा झाला म्हणून त्याचे केस भादरून वर आयोडीन फासण्यात आले, आणि त्या लाजेने तो खिडकीशी जाईना. हा मुलगा म्हणजे चार्ली चॅप्लिन. त्याने मोठेपणी आत्मचरित्र लिहिले म्हणून हे आपल्याला कळले. इतरांचे कोणी लिहिले नाही.

डोळ्यांची साथ तर या शाळांत जणू कायमची वस्तीलाच असे. १ जानेवारी १८९० रोजी फॉरेस्ट गेट येथील शाळेत आग लागून सव्वीस मुले दगावली. मग चौकशी समिती नेमली गेली. सरकारची ही रीत सर्वत्र एकच! मंडेला यांच्या अध्यक्षतेखालील त्या समितीने १८९६ साली बराकशाळांविरुद्ध स्पष्ट मत दिले.

योगायोग असा की हे मंडेला शेफील्डचे प्रतिनिधी होते, आणि त्याच शेफील्डने १८९३ साली वेगळी वाट धरलेली होती. तेथील पालकांनी गावातल्या साध्या वस्तीत साधी घरे घेतली, प्रत्येक घरावर एक गृहमाता नेमली आणि मुलांना शेजारच्या मुलांबरोबर नेहमीच्या शाळेत पाठवले. लंडनमधील बर्मन्सी विभागाच्या पालकांनी मात्र विसाव्या शतकाच्या आरंभी क्रॉयडनजवळ शर्ली येथे विस्तीर्ण जागा घेऊन एक गावच वसवले. लहान लहान कॉटेज, भोवती झाडी, आत शाळा, दवाखाना. बराकीच्या मानाने ही प्रगती खचितच होती. पण आमच्या मते शेफील्डची कल्पना सरस. कारण तिथल्या मुलाचा डोळा सुजला तर तो शाळेतल्या मास्तरांना दिसे, वाण्याला दिसे, शेजारणीला दिसे. शर्लीत पाहणारे सारे एकाच हजेरीपटावरचे.

१ एप्रिल १९३० रोजी पालक मंडळे बरखास्त झाली आणि त्यांची मुले, इमारतींसह, लंडन काउंटी कौन्सिलच्या ताब्यात आली. शर्लीचा मालक बदलला. पुढे १९४५ च्या जानेवारीत डेनिस ओनील हा बारा वर्षांचा मुलगा श्रॉपशायरमधील एका शेतघरात मारहाणीने आणि उपासमारीने मेला. वेल्समधील न्यूपोर्टच्या नगरपालिकेने त्याला तेथे सांभाळायला दिले होते. जबाबदारी न्यूपोर्टची की श्रॉपशायरची, या घोळात त्याच्यावर लक्ष ठेवायचे राहून गेले. दोन कार्यालयांच्या मध्ये पडलेला कागद कसा हरवतो हे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. येथे कागदाच्या जागी मूल होते.

याच सुमारास मायरा कर्टिस या बाईंच्या समितीने देशभरच्या बालगृहांना भेटी दिल्या. बाई स्वतः सरकारी सेवेत मुरलेल्या. दप्तर पाहून परतणाऱ्या नव्हेत. १९४६ च्या अहवालात त्यांनी नमूद केले की काही गृहांत पाहुणा आला की मुले त्याला बिलगण्यासाठी अक्षरशः झोंबत. अन्न-वस्त्र पुरेसे असूनही मायेची भूक राहतेच, ही गोष्ट शासकीय अहवालात क्वचितच इतकी उघडपणे आली असेल. त्यातून १९४८ चा बालक कायदा झाला. प्रत्येक कौन्सिलला बालक समिती आणि स्वतंत्र बालक अधिकारी नेमणे भाग पडले. हेतू असा की मुलाला नावाने ओळखणारा एक तरी अधिकारी असावा.

१९६५ साली लंडनची पुनर्रचना होऊन शर्ली लँबेथ कौन्सिलकडे गेले. १९७१ मध्ये स्वतंत्र बालक विभागही समाजसेवेच्या मोठ्या खात्यात विलीन झाले. पुढची हकीकत लिहिताना हात जड होतो. १९७७ साली शर्लीतील एक मुलगा न्हाणीघरात मृतावस्थेत सापडला. त्याने आपल्या गृहपित्याविरुद्ध लैंगिक अत्याचाराची तक्रार केलेली होती. मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला कौन्सिलने ती कळवलीच नाही. १९८३ मध्ये शर्ली बंद झाले. २०२१ च्या जुलैमध्ये स्वतंत्र चौकशी आयोगाने लँबेथविषयी अहवाल दिला, तेव्हा आकडे बाहेर आले: तीन बालगृहांतील ७०५ माजी रहिवाशांच्या तक्रारी, त्यांपैकी किमान ५२९ एकट्या शर्लीच्या, तेथील कर्मचारी व संबंधित मिळून १७७ जणांवर आरोप. चाळीसहून अधिक वर्षांत याबद्दल शिस्तभंगाची कारवाई झालेला वरिष्ठ अधिकारी एकच.

तपासण्या होत नव्हत्या काय? तपासणीचा दिवस आधी ठाऊक असला की फरशी कशी चकचकीत होते, हे आम्ही आमच्या नोकरीत पाहिलेले आहे. आमच्याही शेऱ्यांत ‘व्यवस्था समाधानकारक’ हे शब्द अनेकदा पडले आहेत. त्या शेऱ्यांपूर्वी आम्ही कोणाशी बोललो होतो, हे आज आठवू जाता आठवत नाही.

लँबेथने २०१८ पासून नुकसानभरपाईची योजना चालवली. पैशांइतकीच आणखी एक मागणी या मुलांकडून, आता वृद्धत्वाकडे झुकलेल्या मुलांकडून, येत असते: आमची फाइल दाखवा. लिव्हरपूल कौन्सिलच्या छत्राखाली वाढलेला एक तरुण याच मागणीसाठी थेट युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेला, आणि १९८९ साली निकाल त्याच्या बाजूने लागला. आपण केव्हा चालू लागलो, आई भेटायला आली होती की नाही, हे विचारायला त्यांच्यापाशी दुसरे कोणी नाही. फाइल हाती येते, पण कित्येकदा तिच्यातील इतरांची नावे काळ्या शाईने झाकलेली असतात. आणि त्यांत काही नावे त्यांच्याच भावंडांची असतात.