घोडा कसा होता?

माझे आजोबा डोणगावचे. तरुणपणी मेहकरला तंबूत त्यांनी एक इंग्रजी सिनेमा पाहिला होता. नाव आठवत नव्हतं, गोष्टही कळली नव्हती. कसा होता विचारलं की एवढंच म्हणायचे, ‘घोडा लय जोरात पयत व्हता.’ लहानपणी मला हसू यायचं. पुढे नोकरीत एका अ‍ॅपमध्ये ‘रेटिंग द्या’ची खिडकी बसवायचं काम आलं, तेव्हा हे वाक्य पुन्हा आठवलं. पाच ताऱ्यांत ते कुठे बसवायचं?

भारतातल्या प्रेक्षकांना सिनेमाबद्दल काय वाटतं, हा प्रश्न सरकारने पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर विचारला तो १९२७ साली. काळ मूकपटांचा. पडद्यावर बहुतांश परदेशी चित्रपट, त्यातही अमेरिकन. गोऱ्या बायका नाचताना, गोरे पुरुष दरोडे घालताना बघून ‘नेटिव्हां’च्या मनातला साहेबाचा दरारा जाईल, ही इंग्रजांची धास्ती. अमेरिकेऐवजी ब्रिटिश चित्रपट खपावेत, ही इच्छाही होतीच. मद्रासचे वकील टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने ४,३२५ प्रश्नावल्या वाटल्या, ३५३ साक्षीदार तपासले.

साक्षीदार कोण? निर्माते, थिएटरमालक, अधिकारी, शिक्षणक्षेत्रातले लोक, पुढारी. अशिक्षित माणसावर सिनेमाचा काय परिणाम होतो, हे ही शिकलेली मंडळी सांगत होती. सगळ्यात स्वस्त तिकीट काढून पडद्यापुढे बसणारा, इंग्रजी पाट्या शेजाऱ्याकडून मोठ्याने वाचून घेणारा माणूस या कागदांत सतत आहे, पण बोलतोय त्याच्या वतीने दुसराच कुणीतरी. (आमच्या ऑफिसातल्या ‘युजरला काय हवंय’वाल्या मीटिंगा अगदी अशाच असतात.)

तरी त्याचं मत अहवालात शिरलंच, गल्ल्यावरून. भारतात सर्वांत लोकप्रिय ठरलेला चित्रपट म्हणून समितीने नाव घेतलं ते ‘द थीफ ऑफ बगदाद’चं. १९२४ सालचा अमेरिकन मूकपट, नायक डग्लस फेअरबँक्स. उडती सतरंजी, अदृश्य करणारा झगा आणि चक्क पंखांचा घोडा! यासाठी पाटी वाचता यावी लागत नाही. साहेबाचा दरारा जाईल ही भीती समितीला अतिरंजित वाटली, आणि ब्रिटिश चित्रपटांना झुकतं माप द्यायलाही तिने नकार दिला. सहा सदस्यांत तीन भारतीय होते, हे इथे लक्षात ठेवायला हवं.

स्वतःच्या हाताने मत लिहून ठेवणारा एक प्रेक्षक मात्र आपल्याकडे होता. गिरगावात ‘लाइफ ऑफ ख्राइस्ट’ पाहणारे दादासाहेब फाळके. १९१७ साली ‘नवयुग’ मासिकात त्यांनी तो अनुभव सांगितला: डोळ्यांपुढे ख्रिस्त होता आणि मनात राम, कृष्ण दिसत होते. हे परीक्षण नव्हे. चित्रपट चांगला की वाईट, हा मुद्दाच नाही. समोरच्या परक्या चित्रातून त्यांनी आपल्याला हवं ते उचललं, आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवला.

बगदादच्या चोराचंही तसंच झालं. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून आलेला मास्टर विठ्ठल मुंबईत शारदा फिल्म कंपनीच्या मारधाडपटांचा नायक झाला. लोक त्याला भारताचा डग्लस फेअरबँक्स म्हणू लागले. ३५३ साक्षींच्या जाडजूड खंडांपेक्षा हे बिरुद मला जास्त बोलकं वाटतं, कारण ते तिकीट काढणाऱ्यांनी उचलून धरलं होतं.

आजोबांनी पाहिलेला सिनेमा कोणता, हे मी खूप शोधलं. तपशील एकच हाताशी होता.